शनीच्या घरचे विशेषण

प्रस्तावना

इंग्रजी भाषेत मनुष्यस्वभावाचे वर्णन करणारी विशेषणे विपुल आहेत. पण त्यांत एक लहानसे कुटुंब असे आहे की, ज्यातील प्रत्येकाचे कुलनाम आकाशातील एखाद्या ग्रहाकडे जाऊन पोहोचते. गुरूवरून 'जोव्हिअल' म्हणजे आनंदी व दिलखुलास, बुधावरून 'मर्क्युरिअल' म्हणजे चंचल व तल्लख, मंगळावरून 'मार्शल' म्हणजे लढाऊ, आणि शनीवरून 'सॅटर्नाइन'. यांपैकी 'मार्शल' हा शब्द लष्करी कायद्याच्या बातम्यांबरोबर आपल्या वृत्तपत्रांत शिरला आणि तेथे कायम झाला. 'जोव्हिअल' सुशिक्षितांच्या बोलण्यातही सहज येऊन जातो. 'सॅटर्नाइन' मात्र इंग्रजी पुष्कळ वाचलेल्या मराठी माणसाच्याही वाट्याला फारसा येत नाही, आणि आला तरी 'उदास' असा त्याचा ठोकळ अर्थ मनात धरून वाचक पुढचे पान उलटतो. ग्रहनामांपासून निघालेल्या विशेषणांविषयीचा हा छोटा ग्रंथ वाचकांपुढे ठेवताना प्रस्तावनेसाठी मी मुद्दाम याच शब्दाची निवड केली आहे. या एका शब्दाचा माग काढीत गेले असता रोमचा देव, ग्रीसचे वैद्यक, बगदादचे ज्योतिष आणि अवंतीच्या वराहमिहिराचा ग्रंथ अशी एकामागून एक ठाणी लागतात. आणि ज्याच्या घरून शनिवारी मारुतीला तेल व रुईच्या पानांची माळ जाते, त्या मराठी वाचकाला हा शब्द एका अंगाने इंग्रजापेक्षाही जवळचा आहे, तर दुसऱ्या अंगाने त्याची दिशाभूल करणारा आहे.

प्रथम अर्थ पाहू. ज्याची प्रकृती मुळातच गंभीर, संथ आणि अंतर्मुख आहे, ज्याला हसू येते पण उशिरा येते आणि आल्यावर फार वेळ टिकत नाही, जो बैठकीत बसलेला असूनही बैठकीपासून दोन हात दूर असल्यासारखा भासतो, ज्याच्या मनात काय चालले आहे याचा ठाव शेजारच्याला लागत नाही, अशा माणसाच्या स्वभावाला इंग्रजीत सॅटर्नाइन म्हणतात. हेच विशेषण चेहऱ्यालाही लागते, आणि तेव्हा त्यातून सावळा वर्ण, जड पापण्या, दाट भुवया आणि ओठांच्या कोपऱ्यांशी खाली उतरलेल्या रेषा सूचित होतात. येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, हा शब्द प्रसंगाचा नाही, प्रकृतीचा आहे. पुत्रशोकाने व्याकूळ झालेला पिता सॅटर्नाइन नव्हे. व्यापारात बुडालेला आणि म्हणून आठ दिवस कोणाशी न बोललेला सावकारही नव्हे. ज्याच्यावर कसलीही आपत्ती आलेली नाही, ज्याचे घरदार सुखरूप आहे आणि तरीही ज्याच्या मुद्रेवरची छाया हटत नाही, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे. 'सार्डॉनिक' या दुसऱ्या विशेषणाशी ध्वनिसाम्यामुळे त्याची गल्लत होते, तीही टाळली पाहिजे. सार्डॉनिक माणसाच्या हसण्यात उपहासाचे विष असते, सॅटर्नाइन माणसाला दुसऱ्याचा उपहास करण्याइतकी उसंत आपल्या अंतरंगातून मिळत नाही.

या शब्दाचा इंग्रजी वाङ्मयातील एक उत्तम दाखला जॉन ड्रायडन या कवीच्या स्वतःविषयीच्या लेखनात सापडतो. 1668 मध्ये नाट्यकाव्यावरील आपल्या निबंधाचे समर्थन करताना त्याने सरळ नमूद केले आहे की, प्रहसने लिहिण्यास लागणारा खेळकरपणा निसर्गाने आपणांस दिलेला नाही, आपले संभाषण मंद आहे आणि आपली प्रकृती सॅटर्नाइन व संकोची आहे. यात रडगाणे नाही आणि क्षमायाचनाही नाही. आपल्या उंचीची किंवा वर्णाची नोंद करावी तशी ही स्वभावाची नोंद आहे. ड्रायडनच्या आधी दोन पिढ्या शेक्सपिअरने 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकात डॉन जॉन या कुढ्या खलपुरुषाच्या तोंडून त्याच्या सोबत्याला 'शनीखाली जन्मलेला' असे म्हणवले आहे, आणि त्या काळच्या प्रेक्षकाला त्या दोन शब्दांत सगळा स्वभाव उलगडत असे. कारण तो प्रेक्षक ज्योतिषाच्या आणि वैद्यकाच्या अशा एका संयुक्त अमलाखाली राहत होता, ज्याचे कायदे आज रद्द झाले आहेत, पण ज्याच्या दफ्तरातील शब्द अद्याप चालू आहेत.

त्या दफ्तराचे पहिले पान रोममध्ये आहे. सॅटर्न हा इटलीतील एक प्राचीन देव. व्हॅरो या रोमन पंडिताने त्याचे नाव पेरणीच्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून काढले; आधुनिक भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती निःशंकपणे मान्य नाही, आणि या नावाचे मूळ एट्रुस्कन असावे असाही तर्क केला गेला आहे. व्युत्पत्ती काहीही असो, रोमन लोकांच्या मनातील सॅटर्न हा शेतीचा, सुबत्तेचा आणि ज्या सुवर्णयुगात कोणी कोणाचा धनी नव्हता व कोणी कोणाचा चाकर नव्हता, त्या युगाचा राजा होता. रोमच्या फोरममधील त्याच्या मंदिरात राज्याचा खजिना ठेवलेला असे. त्याच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या बंधनात असत आणि 17 डिसेंबरला सुरू होणाऱ्या त्याच्या उत्सवात ते मोकळे केले जात. त्या दिवसांत न्यायालये बंद राहत, द्यूताला मुभा मिळे आणि गुलामांच्या पंगतीला मालक वाढत असत. या उत्सवाच्या नावावरून इंग्रजीत 'सॅटर्नेलिअन' असे आणखी एक विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ बेबंद मौजमजेचा असा आहे. एकाच देवाच्या दोन विशेषणांपैकी एकाने उत्सवाचा उन्माद घ्यावा आणि दुसऱ्याने खिन्नतेचे ओझे उचलावे, ही विसंगती प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण तिचे कारण आहे. उन्मादाचे विशेषण देवापासून निघाले, खिन्नतेचे विशेषण ग्रहापासून निघाले, आणि देव व ग्रह यांची सांगड मागाहून पडली.

ही सांगड ग्रीकांच्या मध्यस्थीने पडली. रोमन लोकांनी आपला सॅटर्न ग्रीकांच्या क्रोनोसशी एकरूप मानला, आणि क्रोनोस हा स्वतःच्या अपत्यांना गिळणारा, शेवटी पुत्राकडून पदच्युत झालेला, अंधाऱ्या पाताळात बंदिवान होऊन पडलेला वृद्ध देव होता. काळ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या नावाशी उच्चाराने मिळताजुळता असल्यामुळे काळाचे भक्षकपणही त्याच्याच माथी आले. आकाशातील जो ग्रह उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत सर्वात दूरचा, फिकट आणि संथ होता, ज्याला सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्याला या पदच्युत वृद्धाचे नाव शोभून दिसले. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने पुढे त्याला शास्त्रीय कारणमीमांसा जोडली: हा ग्रह सूर्याच्या उष्णतेपासून आणि पृथ्वीच्या आर्द्रतेपासून अतिशय दूर आहे, म्हणून त्याचा गुण थंड आणि कोरडा. इकडे ग्रीक वैद्यकात शरीरातील चार रसांपैकी काळे पित्त हे थंड व कोरडे मानले गेले होते आणि त्याच्या आधिक्याने माणूस खिन्न होतो असा सिद्धांत होता. 'मेलँकली' या शब्दाचा मूळ अर्थच काळे पित्त असा आहे. थंड व कोरडा ग्रह आणि थंड व कोरडा रस यांची गाठ पडणे आता केवळ वेळेचा प्रश्न होता, आणि ती गाठ पक्की बांधण्याचे श्रेय मुख्यतः अरबी भाषेत लिहिणाऱ्या ज्योतिष्यांना द्यावे लागते. बल्खचा अबू मअशर नवव्या शतकात बगदादेत राहून लिहीत होता. त्याचा ज्योतिषप्रवेशाचा मोठा ग्रंथ बाराव्या शतकात दोनदा लॅटिनमध्ये उतरला, आणि त्याबरोबर काळ्या पित्ताचा स्वामी शनी हे मत युरोपभर रुजले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या सरदाराच्या कथेत शनीला बोलते केले आहे, तेव्हा तो समुद्रात बुडणे, अंधारकोठडी, गळफास आणि महामारी ही आपल्या अमलाखालची खाती म्हणून एखाद्या सुभेदाराने सांगावी तशी मोजून दाखवतो. पंधराव्या शतकात 'सॅटर्नाइन' हे विशेषण लॅटिन व फ्रेंच यांच्या वाटेने इंग्रजीत स्थिर झाले, तेव्हा त्याच्यासाठी जागा पूर्वीच तयार होती.

आता मराठी वाचकाच्या घराकडे वळू. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहज्जातकात शनीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना मन थक्क होते: आळशी, पिंगट डोळ्यांचा, कृश व उंच, जाड दातांचा, राठ केसांचा आणि वातप्रकृतीचा. याच ग्रंथात ग्रहमंडळाचा जो दरबार भरवला आहे त्यात सूर्य व चंद्र राजे, मंगळ सेनापती, बुध राजकुमार, गुरू व शुक्र मंत्री आणि शनी हा सेवक आहे. आणि कालपुरुषाची जी अंगे ग्रहांना वाटून दिली आहेत त्यांत चंद्राकडे मन, बुधाकडे वाणी, गुरूकडे ज्ञान व सुख, आणि शनीकडे दुःख आले आहे. युरोपने शनीला थंड व कोरडे काळे पित्त दिले, आपण त्याला रुक्ष वात दिला. शब्द वेगळे, पण वैद्यक आणि ज्योतिष यांनी एकमेकांच्या हातात हात देऊन केलेली मांडणी तीच. हे साम्य सगळे योगायोगाने आले असे समजण्याचे कारण नाही. वराहमिहिर त्याच ग्रंथात ग्रहांची पर्यायनामे देताना सूर्याला हेली, मंगळाला आर आणि शनीला कोण म्हणतो. ही नावे ग्रीक हेलिओस, आरेस आणि क्रोनोस यांची संस्कृत रूपे होत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली आपला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत सिद्ध केला तेव्हापासून ग्रीक व भारतीय ज्योतिषाच्या देवघेवीची चर्चा मराठी वाचकाला परकी राहिलेली नाही. परंतु इंग्रजीतील एका दुर्मिळ विशेषणाचा मूळपुरुष 'कोण' हे नाव घेऊन चौदाशे वर्षे आपल्या ज्योतिषग्रंथांत राहिला आहे, ही गोष्ट मला तरी या शब्दाच्या चरित्रातील सर्वात मोलाची वाटते. वारांच्या नावांतही हेच आप्तत्व आहे. होऱ्यांचे स्वामी मंदापासून शीघ्रापर्यंत, म्हणजे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने घेत गेले असता चोवीस होरे संपल्यावर शनीनंतरच्या दिवसाचा पहिला होरा रवीचा येतो, आणि म्हणून शनिवारामागून रविवार येतो. इंग्रजी वारांत रोमन देवाचे नाव टिकवून धरणारा वार हा एकटा शनिवारच आहे.

मात्र येथेच मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. आपला शनी माणसाच्या स्वभावात फारसा राहत नाही, तो माणसाच्या आयुष्यात येतो. एका राशीत तो अडीच वर्षे मुक्काम करतो. जन्मराशीच्या आधीची, जन्मराशी आणि तिच्या पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षांची साडेसाती होते, आणि ती संपली की माणूस सुटतो. आपल्या ओवीबद्ध शनिमाहात्म्यातील विक्रमराजा हा स्वभावाने खिन्न नाही. शनीचा कोप होताच त्याचे हातपाय तोडले जातात, तो तेल्याच्या घाण्यावर बसून दिवस काढतो, आणि कोप शमताच त्याचे राज्य त्याला परत मिळते. शनी मागे लागणे, साडेसाती सुरू होणे, हे सर्व वाक्प्रचार बाहेरून आलेल्या आपत्तीचे आहेत. इंग्रजी विशेषणातील शनी बाहेरून येत नाही आणि सोडूनही जात नाही. तो जन्मकाळीच रक्तात उतरलेला असतो. म्हणून 'त्याला साडेसाती लागली आहे' आणि 'तो सॅटर्नाइन आहे' या दोन विधानांत शनी एकच असला तरी अर्थ अगदी भिन्न आहेत, आणि भाषांतरकाराने हा भेद दृष्टीआड केल्यास इंग्रजी कादंबरीतील एक धीरगंभीर पुरुष मराठीत निष्कारण दैवाचा मारलेला होऊन बसतो.

या जन्मजात शनीला युरोपात एकदा मोठी प्रतिष्ठा मिळाली, आणि ती मिळवून देणाराही शनीखाली जन्मलेला होता. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याचा जन्म 1433 मधला. त्याच्या कुंडलीत शनी लग्नी होता आणि त्याचे दडपण त्याने आयुष्यभर बाळगले. ॲरिस्टॉटलच्या नावावर मोडणाऱ्या एका जुन्या प्रश्नसंग्रहात असा प्रश्न विचारला आहे की, तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत असामान्य ठरलेली माणसे काळ्या पित्ताच्या प्रकृतीची का दिसतात? फिचिनोने हा प्रश्न उचलला आणि 1489 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जीवनविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सर्वात उंच कक्षेतला हा ग्रह चिंतनशील माणसाला वरच्या गोष्टींकडे ओढून नेतो. म्हणून विद्वानाचे दुःख आणि त्याची प्रज्ञा यांचा उगम एकच आहे. त्याने उपायही सांगितले, आणि ते रसिक होते: संगीत, हिरवळीवरचे फिरणे, सुगंध, तेजस्वी रंग आणि गुरू व शुक्र या सौम्य ग्रहांचा आश्रय. 1514 मध्ये आल्ब्रेख्त ड्यूररने 'मेलेंकोलिया' या नावाचे जे ताम्रशिल्पचित्र कोरले, त्यातील पंख असलेली स्त्री हातावर मस्तक टेकून बसली आहे, तिचा चेहरा सावलीत आहे, सभोवार करवत, रंधा, कंपास, तराजू अशी साधने विखुरली आहेत आणि मागच्या भिंतीवर सोळा घरांचे एक अंकयंत्र आहे. त्याच्या प्रत्येक ओळीची बेरीज 34 येते आणि तळच्या ओळीतील मधली दोन घरे मिळून 1514 हे साल वाचता येते. चार घरांच्या चार ओळींचे हे यंत्र गुरूचे मानले जाई, आणि शनीचा ताप निवारण्यासाठीच ते तेथे योजले आहे असे कलेतिहासकार पॅनॉफ्स्की व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. ग्रहशांतीची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे अशा आपल्या लोकांना हे यंत्र पाहून नवल वाटू नये. फिचिनोच्या या प्रतिपादनानंतर सॅटर्नाइन शब्दाला जो भारदस्तपणा आला तो आजतागायत कायम आहे. 'रडवा' किंवा 'कुरकुऱ्या' यांत जी क्षुद्रता आहे तिचा स्पर्शही या शब्दाला नाही.

शब्दाचे आणखी एक अंग वैद्यकाच्या दफ्तरात आहे. युरोपातील किमयागारांनी प्रत्येक ग्रहाला एक धातू नेमून दिला होता. मंगळाला लोखंड, आणि जड, काळपट व निस्तेज असे शिसे शनीला. आपल्याकडे शनीचा धातू लोखंड, आणि म्हणून शनिवारी लोखंड खरेदी न करण्याची वहिवाट. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. या नेमणुकीमुळे शिशाच्या क्षारांना 'शनीची साखर', 'शनीचा अर्क' अशी नावे पडली आणि शिशाच्या विषबाधेला सॅटर्नाइन हे विशेषण लागले. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना पोटशूळाचा जो भयंकर विकार होत असे, त्याचे कारण दारूच्या घाण्यांत वापरलेले शिसे आहे हे जॉर्ज बेकर या वैद्याने 1767 मध्ये दाखवून दिले. रंगारी, छापखान्यात खिळे जुळवणारे, नळ बसवणारे अशा शिसे हाताळणाऱ्या कामगारांच्या अंगी पोटशूळ, मनगट लुळे पडणे, फिकटपणा आणि मनाची मरगळ ही लक्षणे दिसत. सांधे धरले तर त्या विकाराला डॉक्टर 'सॅटर्नाइन गाउट' म्हणत. ज्योतिषाचा आधार संपूर्ण सुटल्यानंतरही हा शब्द रोगनिदानात टिकून राहिला.

ज्योतिषाचा आधार कसा सुटला तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. 1610 मध्ये गॅलिलिओच्या दुर्बिणीला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेले दिसले, आणि ते कडे आहे असे 1659 मध्ये हॉयगेन्सने सिद्ध करून दाखवले. ज्याला शतकानुशतके कुरूप वृद्ध मानले तो आकाशातील सर्वात देखणा ग्रह निघाला. आणि ज्याच्या नावे शिसे नेमले होते त्याची घनता पाण्यापेक्षाही कमी भरली. ग्रह हलका झाला, विशेषण मात्र जडच राहिले.

अशा विशेषणाला मराठीत प्रतिशब्द कोणता योजावा, या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. 'घुमा' या शब्दात न बोलणे आहे, पण खोली नाही. 'कुढा' यात अंतर्मुखता आहे, पण ती तक्रारीची आहे. 'आतल्या गाठीचा' यात राखून बोलणे आहे, पण कपटाचाही संशय आहे. 'धीरगंभीर' यात प्रतिष्ठा आहे, पण छाया नाही. संस्कृतातील 'मंद' हे शनीचेच नाव असल्याने ते सर्वात समीपचे झाले असते, परंतु मराठीत त्याला बुद्धिहीनतेचा अर्थ इतका चिकटला आहे की तो आता निघणे कठीण. माझा निर्णय असा की, पुस्तकी मराठीत तूर्त 'शनिप्रकृती' हा शब्द वापरावा. तो ऐकताच ग्रह ध्यानात येतो, आणि 'प्रकृती' या पदामुळे साडेसातीचा गैरसमज टळतो. प्रस्तुत ग्रंथात मी तोच वापरला आहे.

तथापि ग्रंथकाराने घडवलेल्या शब्दापेक्षा लोकांच्या तोंडी असलेला शब्द नेहमीच अधिक सकस असतो. कोकणात, देशावर, खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात आणि गोमंतकात अशा स्वभावाची माणसे आहेतच, आणि त्यांना हाक मारायला किंवा त्यांच्याविषयी बोलायला तेथील बायाबापड्यांनी शब्दही घडवले असतील. ज्या वाचकांना असा एखादा शब्द ठाऊक असेल, त्यांनी तो कोणत्या भागात, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या वाक्यात ऐकला या तपशिलासह प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावा. पुढील आवृत्तीत तो या प्रकरणात साभार नमूद केला जाईल.